हाती नसलेल्या मालाची विक्री : ऑनलाइन व्यापारातील एका प्रथेची चिकित्सा

प्रास्ताविक

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण जी वस्तू अद्याप घरात आलेलीच नाही तिच्यावरून होणाऱ्या भांडणाला उद्देशून आहे. ऑनलाइन व्यापाराने या म्हणीतील परिस्थितीला व्यवसायाचे रूप दिले आहे. पडद्यावर वस्तूचे छायाचित्र असते, किंमत असते आणि 'आता विकत घ्या' असे सांगणारे बटण असते. वस्तू मात्र विक्रेत्याच्या हाती नसते. खरेदीदार पैसे भरतो आणि त्यानंतर विक्रेता ती वस्तू मिळविण्याच्या खटपटीला लागतो. या व्यवहाराची दोन रूपे विशेष प्रचलित आहेत. वस्तू अद्याप तयार झालेली किंवा बाजारात आलेली नसताना तिची मागणी नोंदवून घेणे ही 'प्री-ऑर्डर' होय. वस्तू तिसऱ्याच पुरवठादाराकडे असून त्यानेच ती परस्पर ग्राहकाकडे रवाना करणे हे 'ड्रॉपशिपिंग' होय.

या व्यवहाराविषयी सामान्यतः दोन टोकांची मते आढळतात. उद्योजकतेचा पुरस्कार करणारे त्यास भांडवलाविना व्यापार करण्याचा मार्ग मानतात, तर ग्राहकहिताचा विचार करणारे अनेकदा त्यास फसवणुकीचे प्रवेशद्वार समजतात. दोन्ही मते 'साठा नसणे' या एकाच गोष्टीवर खिळलेली आहेत. वस्तुतः साठा नसणे हा या व्यवहाराचा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. वस्तू देण्याचे वचन कोणत्या आधारावर दिले गेले, वस्तू हाती नाही हे खरेदीदारास ठाऊक होते काय, आणि मागणी व प्राप्ती यांमधील काळात पैसा कोणाकडे राहिला, या तीन प्रश्नांवरच त्याचे मूल्यमापन होऊ शकते. प्रस्तुत लेखात काही ज्ञात उदाहरणे आणि कायद्यातील तरतुदी यांच्या आधारे हे प्रतिपादन तपासले आहे.

जुना व्यवहार, नवे रूप

हाती नसलेली वस्तू विकणे हे ऑनलाइन व्यापाराचे अपत्य नव्हे. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर असतानाच व्यापाऱ्याला देण्याचा व्यवहार होत आला आहे. इसार घेतल्यानंतर मागावर साडी चढविणारा विणकर आणि माप घेऊन आगाऊ रक्कम स्वीकारणारा सोनार हे दोघेही अस्तित्वात नसलेली वस्तूच विकत असतात. मराठी ग्रंथव्यवहारात तर 'प्रकाशनपूर्व सवलत' ही एक प्रस्थापित रीत आहे. पुस्तक छापून होण्यापूर्वीच त्याची मूळ किंमत, सवलतीची किंमत आणि प्रकाशनाचा अंदाजे काळ जाहीर करून प्रकाशक नोंदणी स्वीकारतो. मोठ्या, बहुखंडी ग्रंथांचे प्रकल्प अशा आगाऊ नोंदणीवाचून उभे राहणे कठीण असते.

या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. वस्तू नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. प्रकाशनपूर्व नोंदणी करणारा वाचक पुस्तक विकत घेत नाही. ते निघावे म्हणून तो आपले पैसे काही काळ गुंतवितो आणि त्याचा मोबदला म्हणून त्यास सवलत मिळते. बाग मोहोरावर घेणारा व्यापारी पावसाची व थंडीची जोखीम जाणून किंमत ठरवितो. अर्थात, येथे जोखमीला नाव आहे आणि किंमतही आहे. ऑनलाइन व्यापारात नेमके हेच नाव नाहीसे झाले. दुकानातील रिकामे फडताळ ग्राहकास दिसते. पडद्यावर मात्र भरलेले आणि रिकामे फडताळ सारखेच दिसते. कोठारात हजार नग असलेल्या वस्तूचे आणि एकही नग नसलेल्या वस्तूचे छायाचित्र एकाच आकाराचे असते व त्याखालील बटणही एकच असते.

संस्थापककथांचे वाचन

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत ऑनलाइन कंपन्यांच्या आरंभाच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतील कित्येक कथा हाती नसलेल्या मालाच्या विक्रीच्याच आहेत. अमेरिकेतील सिएटल येथे जुलै १९९५ मध्ये विक्रीस प्रारंभ करणाऱ्या अॅमेझॉनने पडद्यावर लाखो पुस्तकांची यादी ठेवली. परंतु त्यांतील बहुतेक पुस्तके मागणी आल्यानंतर घाऊक वितरकांकडून मागविली जात. १९९९ मध्ये झॅपोस या पादत्राणविक्री करणाऱ्या कंपनीचे संस्थापक निक स्विनमर्न यांनी स्थानिक दुकानांतील बुटांची छायाचित्रे संकेतस्थळावर लावली आणि मागणी आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन ते ग्राहकाकडे पाठविले. भारतात २००७ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या फ्लिपकार्टला मिळालेली पहिली मागणी जॉन वुड यांच्या पुस्तकाची होती आणि ते पुस्तक संस्थापकांना शहरातील पुस्तकांच्या दुकानांत शोधावे लागले.

या कथांचा सांगितला जाणारा आशय कल्पकतेचा व धडाडीचा असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. तीनही उदाहरणांत विकली जाणारी वस्तू बाजारात उपलब्ध होती. पुस्तक वितरकाकडे होते, बूट दुकानात होता. विक्रेत्याजवळ साठा नसला तरी वस्तू मिळेल असे मानण्यास आधार होता, आणि न मिळाल्यास होणारे नुकसान एका मागणीपुरते मर्यादित होते. झॅपोसने तर दुकानातून पूर्ण किमतीस बूट घेऊन तोच ग्राहकास दिला. म्हणजे साठा नसल्याची किंमत विक्रेत्याने स्वतः मोजली, ग्राहकावर टाकली नाही.

या कथांचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. अॅमेझॉनने १९९७ च्या वर्षाविषयी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात वितरणकेंद्रांचे क्षेत्रफळ ५० हजारांवरून २ लाख ८५ हजार चौरस फुटांवर नेल्याचे आणि वर्षअखेरीस साठ्यातील शीर्षके दोन लाखांवर गेल्याचे अभिमानाने नमूद केले आहे. झॅपोसच्या विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा ड्रॉपशिपिंगमधून येत असतानाही २००३ मध्ये कंपनीने तो मार्ग सोडून दिला. पुरवठादारांकडील साठ्याच्या नोंदी पुरेशा अचूक नसत, त्यामुळे स्वीकारलेल्या काही मागण्या पुऱ्या करता येत नसत आणि ग्राहकाचा रोष मात्र कंपनीस सोसावा लागे. फ्लिपकार्टनेही पुढे कोठारे उभारली. ज्यांच्या नावाने साठाविरहित व्यापाराचे गोडवे गायिले जातात, त्यांनी मोठे होण्यासाठी साठ्याचाच मार्ग धरला. आरंभीची युक्ती हीच कायमची नीती म्हणून शिकविली जाते तेव्हा अर्धीच कथा शिकविली जाते.

'फ्रीडम २५१' : आधाराविना वचन

या कथांच्या शेजारी ठेवून वाचावे असे भारतीय उदाहरण २०१६ चे आहे. नोएडा येथील रिंगिंग बेल्स या कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फ्रीडम २५१' हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांस देण्याची घोषणा केली. १८ फेब्रुवारीला ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आणि गर्दीमुळे संकेतस्थळ लवकरच बंद पडले. नोंदणी करणाऱ्यांची संख्या कोटींच्या घरात गेल्याचा दावा कंपनीने केला. पत्रकारांना दाखविलेला नमुना अॅडकॉम या दुसऱ्याच कंपनीचा होता व त्यावरील मूळ नाव झाकलेले होते. अशा फोनच्या केवळ सुट्या भागांचाच खर्च सुमारे २,७०० रुपये येतो, असे मोबाइल उत्पादकांच्या संघटनेने निदर्शनास आणले. चौकशीचा ससेमिरा सुरू झाल्यावर पैसे भरलेल्या सुमारे ३० हजार ग्राहकांची रक्कम परत करण्यात आल्याचे कंपनीने जाहीर केले. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकास अटक झाली.

बाह्यतः पाहता येथेही तेच घडले होते : वस्तू हाती नसताना मागणी स्वीकारली गेली. मग स्विनमर्न यांचे बूट आणि हा फोन यांत भेद कोणता? वस्तू मिळविण्याचा आधार हा तो भेद होय. बूट त्या किमतीस मिळत होता. २५१ रुपयांचा फोन त्या किमतीस कोठेही तयार होत नव्हता. पहिल्या व्यवहारात साठा नव्हता, दुसऱ्यात शक्यताच नव्हती. येथे एक समाधानाची बाब नोंदवावयास हवी. ज्यांनी केवळ नाव नोंदविले त्यांचा पैसा अडकला नाही, आणि पैसे भरणाऱ्यांची संख्या नोंदणीच्या मानाने अल्प राहिली. मागणीची नोंद आणि पैशाची वसुली या दोन क्रिया वेगळ्या राहिल्या तेथे नुकसान आटोक्यात राहिले.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने आयोजित केलेल्या 'बिग बिलियन डे' या विक्रीत अनेक वस्तू क्षणार्धात संपल्या, काही स्वीकृत मागण्या रद्द झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांना ग्राहकांची लेखी माफी मागावी लागली. येथे हेतू फसवणुकीचा नव्हता. मात्र किती नग आहेत आणि किती जणांना वचन दिले जात आहे यांचा मेळ राहिला नव्हता. साठा असूनही आधाराविना वचन देता येते, हे या प्रसंगावरून दिसते.

कायद्याचा शब्द आणि पडद्यावरचा शब्द

भारतीय कायद्यास हा व्यवहार अपरिचित नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २(६) मध्ये 'भावी माल' या संज्ञेची व्याख्या आहे : करार झाल्यानंतर विक्रेता जो माल तयार करणार किंवा मिळविणार आहे तो. कलम ४ 'विक्री' आणि 'विक्रीचा करार' यांत भेद करते. विक्रीत मालाची मालकी तत्काळ खरेदीदाराकडे जाते. करारात ती पुढे जाणार असते. कलम ६(३) त्याहून महत्त्वाचे आहे. भावी माल जणू आताच विकला जात आहे असे विक्रेत्याने भासविले तरी तो व्यवहार विक्रीचा करार म्हणूनच धरला जाईल, असे ते सांगते. कलम १८ नुसार नेमका कोणता माल द्यावयाचा हे निश्चित होईपर्यंत मालकीचे हस्तांतरणच होत नाही.

या तरतुदी 'आता विकत घ्या' या शब्दांशेजारी ठेवल्या म्हणजे विसंगती स्पष्ट होते. बटणाची भाषा वर्तमानकाळाची आहे. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार भविष्यकाळाचा आहे. खरेदीदारास वाटते की आपण वस्तूचे मालक झालो. प्रत्यक्षात त्याच्या हाती एक वचन असते, आणि पैसे आगाऊ दिले असल्यास तो विक्रेत्याचा धनको झालेला असतो; तोही बहुधा तारणाविना. विक्रेत्याचे दिवाळे निघाल्यास त्यास इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागते. कोठारात शेकडो एकसारखे नग असले तरी विशिष्ट नग वेगळा काढला जाईपर्यंत मालकी जात नाही, हे खरे. तथापि तेथे वेगळा काढण्याजोगा नग असतो. साठाच नसतो तेथे तोही नसतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी ग्राहकास काही आधार दिला आहे. अधिनियमाच्या कलम २(४७) मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, वाजवी प्रमाणात विकण्याचा हेतू नसताना स्वस्त किमतीची जाहिरात करणे समाविष्ट आहे. जाहीर केलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आलेला माल परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. अपवाद दैवी आपत्तीसारख्या कारणांचा. किंमत, मूळ देश, आयातदार, परतीच्या अटी आदी तपशील जाहीर करणे बंधनकारक आहे. परंतु माल विक्रेत्याच्या ताब्यात आहे की तो अद्याप मिळवावयाचा आहे, ही गोष्ट त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. 'वितरण व पाठवणीचे संबंधित तपशील' या मोघम शब्दांत ती हरवून जाते. मुदत विक्रेत्यानेच ठरवावयाची असल्याने उशीर कशास म्हणावे हेही बहुतांशी तोच ठरवितो.

अमेरिकेतील नियमाशी तुलना येथे उपयुक्त ठरते. टपालाने माल मागविणाऱ्यांच्या रक्षणासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये केलेला नियम पुढे दूरध्वनीवरील मागण्यांना आणि २०१४ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे इंटरनेटवरील मागण्यांना लागू झाला. सांगितलेल्या मुदतीत, किंवा मुदत सांगितली नसल्यास ३० दिवसांत, माल रवाना करता येईल असे मानण्यास विक्रेत्याजवळ वाजवी आधार असला पाहिजे, हे त्याचे सूत्र आहे. उशीर होणार असल्यास ग्राहकास कळवून त्याची संमती घ्यावी लागते, अन्यथा पैसे परत द्यावे लागतात. १९९९ च्या नाताळात वेळेवर माल न पोहोचविल्याबद्दल आयोगाने सात ऑनलाइन विक्रेत्यांवर कारवाई केली आणि जुलै २००० मध्ये त्यांनी एकूण १५ लाख डॉलरचा दंड देऊन प्रकरण मिटविले. या नियमाने साठा नसण्यास मनाई केलेली नाही. मागणी स्वीकारतानाच वचनाचा आधार असला पाहिजे, असा भार त्याने विक्रेत्यावर टाकला. भारतीय नियम प्रामुख्याने व्यवहार बिघडल्यानंतरचा उपाय सांगतात. हा नियम व्यवहाराच्या आरंभी प्रश्न विचारतो.

मधला काळ कोणाचा?

भारतात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठ-स्वरूपाच्या ऑनलाइन कंपन्यांनी विक्रीच्या मालाची मालकी वा नियंत्रण स्वतःकडे ठेवू नये, असे बंधन केंद्र शासनाच्या २०१८ च्या प्रेस नोट २ ने अधिक कडक केले व ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. लहान व्यापाऱ्यांचे रक्षण हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे ग्राहकासमोर एक विचित्र त्रयी उभी राहते : ज्याचे नाव ग्राहक ओळखतो त्या मंचाचा माल नसतो, ज्याच्या नावाने पावती निघते त्या विक्रेत्याजवळ माल असेलच असे नाही, आणि ज्याच्याजवळ माल असतो त्या पुरवठादाराचे नाव ग्राहकास दिसत नाही. विक्रेत्याच्या कसुरीची जबाबदारी काही परिस्थितीत मंचावर टाकण्याचा प्रस्ताव जून २०२१ मधील नियमदुरुस्तीच्या मसुद्यात होता. हा प्रश्न शासनासही जाणवला होता, याचे ते द्योतक होय.

भारतीय ग्राहकाने मात्र या प्रश्नास कायद्याची वाट न पाहता स्वतःचे उत्तर शोधले. फ्लिपकार्टने २०१० मध्ये सुरू केलेली माल पोहोचल्यावर रोख पैसे देण्याची सोय लोकांनी उचलून धरली. तिची कारणमीमांसा करताना कार्डांचा अभाव हेच कारण पुढे केले जाते. ते खरे असले तरी त्यात एक न्यायही दडलेला आहे. माल हाती येईपर्यंत पैसा ग्राहकाकडे राहतो आणि साठा नसल्याची जोखीम ज्याने पत्करली त्याच्याच माथी राहते. मधला काळ कोणाचा, या प्रश्नाचे हे सर्वांत सरळ उत्तर होय.

पत कोणाची पणाला?

या व्यवहाराचा भार केवळ ग्राहकावरच पडतो असे नाही. २०१५ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मीशोसारख्या मंचांनी पुनर्विक्रीची पद्धत रूढ केली. साड्या, कुर्ते, घरगुती वस्तू यांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून परिचितांना पाठवावयाची, किमतीत आपला नफा मिळवावयाचा, मागणी आली की मंचावर नोंदवावयाची आणि माल पुरवठादाराने परस्पर पाठवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. घराबाहेर पडून नोकरी करणे ज्यांना शक्य नव्हते अशा अनेक स्त्रियांना यातून उत्पन्नाचा मार्ग सापडला, हे नाकारता येणार नाही.

तथापि या पद्धतीत भांडवल लागत नाही हे विधान तपासून घ्यावयास हवे. येथे रोख भांडवल लागत नाही, पत लागते. शेजारीण साडी घेते ती मंचावरील विश्वासाने नव्हे, तर विकणाऱ्या बाईवरील विश्वासाने. रंग निराळा निघाला, पोत हलका निघाला किंवा साडी आलीच नाही, तर तक्रार पुरवठादाराकडे जात नाही. ती जिन्यात, हळदीकुंकवात, भिशीच्या बैठकीत ऐकावी लागते. विकणाऱ्या बाईने ती साडी कधी हातात घेतलेली नसते, तरीही तिच्या गुणवत्तेची हमी तिनेच दिलेली असते. वर्षानुवर्षे जोडलेली माणसे हेच येथे गुंतविलेले भांडवल होय, आणि ते बुडाल्यास त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. 'शून्य गुंतवणूक' या शब्दांनी तरुणांना ड्रॉपशिपिंगचे धडे देणाऱ्या जाहिराती नेमकी हीच गुंतवणूक हिशेबातून वगळतात.

समारोप

हाती नसलेला माल विकणे हे व्यापाराचे जुने आणि अनेकदा उपकारक अंग आहे. ते नसते तर कित्येक ग्रंथ निघाले नसते, कित्येक मागांवर सूत चढले नसते. त्यावर सरसकट बंदी घालण्याची मागणी अव्यवहार्य आहे, तसेच त्याचा सरसकट गौरवही अविचाराचा आहे. आधार, प्रकटीकरण आणि मधल्या काळातील पैसा या तीन कसोट्या लावल्या म्हणजे एकाच वर्गातील वाटणारे व्यवहार वेगळे होतात. झॅपोसचा बूट पहिल्या व तिसऱ्या कसोटीस उतरतो, दुसरीस उतरतोच असे नाही. प्रकाशनपूर्व नोंदणी, प्रकाशक वचनास जागणारा असल्यास, पहिल्या दोहोंस उतरते आणि तिसरीचा मोबदला सवलतीच्या रूपाने देते. 'फ्रीडम २५१' पहिल्याच कसोटीस उतरत नाही.

यातून निघणारी अपेक्षा माफक आहे. 'माल विक्रेत्याकडे आहे', 'मागणीनंतर मागविला जाईल' किंवा 'अद्याप तयार व्हावयाचा आहे' यांपैकी एक वाक्य किमतीशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत छापणे विक्रेत्यांना बंधनकारक व्हावे. कलम ६(३) ने ९० वर्षांहून अधिक काळापूर्वी केलेला भेद बटणावरील भाषेतही उमटावा, एवढेच त्यात मागणे आहे. महाविद्यालयांच्या वाणिज्य व व्यवस्थापन विभागांचा वाटाही येथे लहान नाही. उद्योजकतेच्या तासाला पुस्तक शोधीत हिंडणाऱ्या संस्थापकांची कथा सांगितली जाते, त्याच तासाला २५१ रुपयांच्या फोनची कथाही सांगितली गेली, तर विद्यार्थ्यास दोहोंतील भेद स्वतः शोधावा लागेल. हा भेद ज्यास सापडेल तो उद्या विक्रेता झाला तरी ग्राहकास तुरी बाजारात असल्याचे आधी सांगेल.